बुटाच्या सिनेमावरच्या साक्षी

आमच्या मंडळीत कुणाला गप्प बसायची सोय नाही. ऑपरेशन झालं, उभं राहा, साक्ष द्या. पोरगी बारावी पास झाली, साक्ष द्या. बोअरला पाणी लागलं तरी साक्ष. रविवारच्या उपासनेत पाळकांनी हाक मारली की जागेवर उभं राहायचं, "सर्वांना जय ख्रिस्त" म्हणायचं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. नको म्हणता येत नाही. म्हणजे येतं, पण मग आठवडाभर जो भेटेल तो विचारतो, काय हो, तब्येत बरी नाही का?

त्यामुळे तरुण संघानं चर्चशेजारच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी सिनेमा दाखवायचं ठरवलं तेव्हा पाळक लगेच म्हणाले, सिनेमा संपला की प्रत्येकानं उभं राहून आपलं मत सांगायचं. आणि हे चालवायचं कुणी? बाईंनी. बाई म्हणजे मी. जिल्हा परिषदेच्या शाळेत माझा जन्म गेला. सोनईच्या अलीकडच्या आमच्या गावातली निम्मी माणसं माझ्या वर्गात बसलेली आहेत, आणि डोक्याचे केस पांढरे झाले तरी मला बघून तंबाखूची पुडी मागं लपवतात. मी म्हटलं, चालवते, त्यात काय एवढं.

सिनेमा कसला आहे हे आधी विचारलं असतं तर मी मुळीच हो म्हटलं नसतं. त्या रविवारी मला स्वतःचंच एक उत्तर कुणाला तरी द्यायचं होतं.

ते सांगायचं तर आधी माझ्या घराचं सांगायला हवं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. घरात मी आणि टीव्ही. बातम्या सांगणारी मुलगी "नमस्कार" म्हणाली की मीही नमस्कार म्हणते, आणि मग स्वतःवरच चिडते. भाजीवाली पाव किलो वांगी तोलताना विचारते, "एवढीच व्हय बाई?" मेली रोज विचारते. मोबाईलवर न चुकता माझी आठवण काढणारी एकच, रिचार्ज संपत आला म्हणून कळवणारी कंपनी. दुपारची भांडी घासून झाली की संध्याकाळपर्यंतचा वेळ नुसता अंगावर येतो. मला एकटं वाटतं. फार वाटतं. शाळेत असताना सुट्टीची घंटा कधी होते असं व्हायचं, आता कुणी येऊन "बाई, ह्यानं मला चिमटा काढला" असं म्हणालं तरी मी त्याला पेढा देईन.

तर ज्यांना ते उत्तर द्यायचं होतं ते एसटीच्या पाथर्डी डेपोत मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर मुलाकडं आमच्या गावात राहायला आले. बायको आधीच गेलेली. चर्चच्या टाकीचा नळ गळत होता, तो दुरुस्त करताना ओळख झाली. मग माझा मिक्सर बिघडला, तो त्यांनी बघितला. मग शिलाई मशीन. मग पंखा. पंख्याला काहीही झालेलं नव्हतं आणि हे दोघांनाही माहीत होतं. ते स्टुलावर चढून पाती पुसत होते, मी खाली स्टूल धरून उभी.

"बाई, एक विचारू का?" ते वरूनच म्हणाले.

"विचारा."

"तुमी हितं येकट्या, मी तिकडं पोराच्या घरात येकटा. आपन येका घरात का ऱ्हाऊ नये? रीतसर म्हनतोय मी. पाळकांसमोर, मंडळीसमोर."

अगं बाई! माझ्या हातातलं स्टूल हललं. मी म्हटलं, "आधी खाली उतरा. पडलात तर तुमच्या मुलाला काय सांगू मी?"

ते उतरले. चहा घेतला. ते निघाले तेव्हा मी म्हटलं, रविवारी सांगते. हो म्हणायचं हे मी स्टूल धरलं होतं तेव्हाच ठरवलं होतं, पण विचारल्याबरोबर हो म्हणणं काही बरं दिसत नाही, ह्या वयात तर नाहीच. त्या आठवड्यात मी घरात गाणी म्हणत फिरत होते. शेजारीण कुंपणावरून दोनदा वाकून बघून गेली. धाकधूक एकाच गोष्टीची होती, मंडळी काय म्हणेल. ह्याच माणसांत मला मरेपर्यंत राहायचं आहे.

रविवारी उपासना झाली, प्रीतिभोजन झालं. बटाट्याच्या रश्शात मीठ कमी होतं, पण कुणी बोललं नाही. मग खिडक्यांना सतरंज्या लावल्या, भिंतीवर पांढरी चादर ताणली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, चर्चमध्ये बसतात तसेच.

सिनेमा परदेशी, हिंदीत डब केलेला. सुरू झाल्यावर लक्षात आलं, ही तर बुटाची गोष्ट. सावत्र माणसांच्या घरात राबणारी पोर, राजवाड्यातला नाच, बाराचे ठोके, पळताना जिन्यावर राहिलेला बूट. चौथीच्या वर्गाला मी ती इतक्यांदा सांगितली आहे की झोपेतही सांगेन. पण ह्यात पोर नव्हती. बाई होती, माझ्याच वयाची. नवरा वारलेला, आणि त्याच्या पहिल्या बायकोच्या मोठमोठ्या मुलांना ही रांधून घालते आहे. राजपुत्राच्या जागी घड्याळं दुरुस्त करणारा एक विधुर. शेवटी तो बूट घेऊन दारात येतो, ती घोडमुलं आडवी उभी राहतात, आणि ही त्यांच्यामधून वाट काढून निघून जाते. मागं वळूनसुद्धा बघत नाही.

चादरीवर ती चालत गेली आणि इकडं माझ्या लक्षात आलं. आता हीच माणसं एकेक करून उभी राहणार आणि त्या बाईबद्दल बोलणार. माझ्याबद्दल काय बोलतील ते मला आजच, समोरासमोर ऐकायला मिळणार.

सतरंज्या काढल्या. मी पुढं जाऊन उभी राहिले आणि हाका मारायला लागले.

पहिली उठली आमची सर्वांत म्हातारी आजी. "सर्वांना जय ख्रिस्त. सिनेमा चांगला हुता. पन एवढं नाचून तिचं गुडघं दुखलं कसं न्हाई? आन ती गोळी कुठली घेती, तेवढं विचारा." हॉल हसला.

दूध डेअरीवाला म्हणाला, "एवढं मोठं घर आन दारात म्हस न्हाई. मला तर ते घरच पटलं न्हाई."

एक सून उठली, "बाई, तो बूट सहा नंबरचा. सगळ्या गावात सहा नंबरचा पाय एकीचाच हाय व्हय? मला बी बसला असता की." तिच्या सासूनं तिच्याकडं असं काही बघितलं की ती बसलीच. दवाखान्यातल्या सिस्टरनं एका पायात बूट घालून जिना उतरण्यावर सगळ्यांना लेक्चर दिलं. तरुण संघातला एक म्हणाला, भारी होता, पण लई स्लो. असं हसणं चाललं होतं तोवर माझाही जीव जरा खाली बसला. एका बाईनं तर डोळे पुसत सांगितलं, ती गेली ते लई बरं झालं, मेल्यांनी तिला वापरून घेतली नुसती. मला तिला मिठी मारावीशी वाटली.

मग पुरुषांतले एक जण बोलले, शेवट बरोबर नाही, मुलांच्या तोंडाकडं तरी बघायचं. दुसऱ्यानं मान डोलावली. हॉल त्या बाजूला झुकतोय की काय असं मला वाटायला लागलं.

आणि मी त्यांना हाक मारली.

मारायला नको होती. ते भिंतीकडच्या खुर्चीत अंग चोरून बसले होते. शेजारी मुलगा मांडीला मांडी लावून, पलीकडं बायकांच्या रांगेत सून. मी त्यांना सोडून पुढच्याला हाक मारली असती तर ते सुटले असते. पण मला ऐकायचं होतं. ह्या सगळ्यांच्या तोंडावर त्या माणसाच्या तोंडून मला ऐकायचं होतं की ती गेली ते चांगलं केलं. मला वाटलं, हा बोलला की मी आज घरी जाताना हो सांगून टाकीन.

ते उठले. सून वळून बघायला लागली.

"सर्वांना जय ख्रिस्त," ते म्हणाले. गळा साफ केला. "सिनेमा बरा हुता. पन शेवट मला न्हाई पटला. ह्या वयात बाईमानसानं असं घर सोडून जानं म्हंजे... लेकरांची मान खाली जाती. म्हातारपनी देवाचं नाव घ्यावं, नातवंडं खेळवावी. एवढंच."

"आमेन," मागून कुणीतरी म्हणालं. आणि मग निम्मा हॉल म्हणाला, आमेन.

मला काहीतरी बोलणं भाग होतं, मी चालवत होते ना. मी म्हटलं, "छान. पुढचं कोण?"

त्यानंतर कोण काय बोललं ते मला आठवत नाही. घरी आले, साडीही बदलली नाही. पंखा लावला आणि त्याच्याखाली बसून रडले. राग असा आला होता की भांडी आपटली, आणि मग तीच भांडी उचलून जागेवर ठेवली. दुसरं कोण ठेवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. हातात शेवग्याच्या शेंगा. दारातच उभे राहिले.

"बाई, पोरगा शेजारी बसल्ता. सून टक लावून बघत हुती. मी काय बोलनार?"

"मी सिनेमाबद्दल विचारलं होतं."

"मला तसं न्हाई वाटत बाई. मी खोटं बोललो."

तसा तो माणूस खोटं बोलणारा नाही. शेंगांची जुडी हातातल्या हातात फिरवत होते, आणि मला त्यांची दयाही आली. पण दयेवर घर कुठं उभं राहतं? मी म्हटलं, "मग जिथं खोटं बोललात तिथंच खरं बोला. माझं नाव घेऊ नका, लग्नाचं काढू नका. येत्या रविवारी साक्षीच्या वेळी उभे राहा आणि म्हणा, मागच्या वेळी चुकलो, मला शेवट पटला होता. बस. एवढं केलंत तर माझं हो आहे."

"तुमचं हो हाय?" त्यांचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडं बघावं लागलं.

"एवढं केलंत तर," मी म्हटलं.

"करतो बाई. त्यात काय."

मी शेंगा ठेवून घेतल्या. त्या आठवड्यात मी माळ्यावरची मोठी पातेली काढून घासली. वेडेपणा, दुसरं काय. मोतिया रंगाची साडी इस्त्री करून ठेवली. गाणी मात्र म्हटली नाहीत, उगाच दृष्ट नको.

रविवार आला. उपदेश झाला. पाळकांनी विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" एका मुलाला पोलीस भरतीचं पत्र आलं होतं, तो उठला. एकीची शुगर खाली आली होती, ती उठली. पाळक म्हणाले, "आणखी कुणी?"

मी मान वळवून पुरुषांच्या बाजूला बघितलं. उघड उघड बघितलं. त्यांनीही माझ्याकडं बघितलं, खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवला, जरासे पुढं झाले. मुलानं विचारलं असावं, काय झालं म्हणून. ते पुन्हा मागं टेकले. गीतांचं पुस्तक उघडलं आणि अजून न सांगितलेल्या गीताचं पान शोधायला लागले.

"आणखी कुणी नाही?" पाळक म्हणाले.

मग मी उठले. ठरवून नाही. पाय आपोआप उभे राहिले.

"सर्वांना जय ख्रिस्त," मी म्हटलं. "मागच्या रविवारी मी तुमच्या सगळ्यांची मतं घेतली, माझं सांगायचं राहूनच गेलं. मला तो सिनेमा आवडला. शेवट पटला. तिला कुणीतरी सगळ्यांसमोर दारात येऊन हाक मारली, म्हणून ती गेली. मला कुणी तशी हाक मारली असती तर मीही गेले असते."

मग आजी म्हणाली, "अगं बया, बाई बी नाचाय निघाल्या!" आणि सगळं चर्च हसायला लागलं. पाळक हसले, सिस्टर हसली, माझ्या हातच्या छड्या खाल्लेली ती पांढऱ्या केसांची पोरं पोट धरून हसली. मी खाली बसता बसता पुरुषांच्या बाजूला बघितलं. मुलानं कोपरानं ढोसलं तसे तेही हसले.