बिनसाखरेची बिस्किटं

आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली, आणि हे मी कोणी न विचारताही सांगते. त्यामुळे आई इकडे परदेशात, हॅमिल्टनला माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या डायबिटीसचा कारभार मी आपणहून हातात घेतला.

पाकिटामागचे आकडे मी फोनमध्ये भरायचे. एकूण कार्ब्जमधून फायबर वजा, गोडीसाठी घातलेलं माल्टिटॉल वजा. उरले ते नेट कार्ब्ज, म्हणजे शुगर वाढवणारे. बिस्किटांच्या पाकिटावर लिहिलं होतं, साखर घातलेली नाही.

"बिनसाखरेची आहेत, आई. बिनधास्त खा."

"मग गोड कशानं लागतायत गं?"

"तुला नाही कळायचं ते."

रोज दुपारच्या चहाबरोबर दोन. वीस ग्रॅम कार्ब्ज, त्यातून फायबरचे दोन गेले, माल्टिटॉलचे चौदा गेले, उरले चार. तरी दोन तासांनी मीटरवर शुगर चढलेलीच. माझं गणित चुकणं शक्य नव्हतं, म्हणजे आईच काहीतरी लपवत होती. ती आंघोळीला गेली की मी तिची बॅग उचकायचे. गुळाचा डबा बेसमेंटमध्ये नेऊन ठेवला. तिनं ते बघितलं.

क्लिनिकमध्ये आहारतज्ज्ञ बाईंना मी इंग्रजीत सांगून टाकलं, आई चोरून गोड खाते. आई शेजारी बसून हसत मान डोलावत होती. तिला वाटलं, मी तिची ओळख करून देतेय.

बाईंनी माझ्या फोनमधली यादी बघितली. म्हणाल्या, माल्टिटॉल सगळं वजा करायचं नसतं, त्यानंही शुगर वाढते. निम्मंच वजा धरा. म्हणजे चार नाही, अकरा.

माझे कान तापले.

"काय म्हणाल्या त्या?" आईनं विचारलं.

"बिस्किटं बंद करा म्हणाल्या."

"एवढं बोलल्या की! आणि मघाशी माझ्याकडे बोट करून तू काय सांगत होतीस?"

इंग्रजीत सहज निघालेलं ते वाक्य मराठीत तोंडातून निघेना. तरी सांगितलं. माझं गणित चुकलं, हेही सांगितलं.

आईचं हसू गेलं. "मी चोरून खाल्लं नव्हतं, हे त्यांना सांग. त्यांच्या भाषेत सांग."

मी सांगितलं. बाईंनी मान हलवली. आई मात्र माझ्या तोंडाकडेच बघत राहिली. या वेळी मी पूर्ण सांगितलं की नाही, हे कळायला तिला काही मार्ग नव्हता.