देव्हाऱ्यातली बाटली

चूक आईची, अण्णांची आणि माझी. आमच्या घरचे असले किस्से मित्र टपरीवर पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, अन् दरवेळी एखादा नवा निघतोच. माझं हसणं मात्र कमी होत चाललंय.

बायकोला, सोनालीला, आई न्हाय. म्हणून बाळंतपण आमच्याकडंच, येरमाळ्याला. आईनं खोलीच्या खिडकीत गोधडी कोंबली. "बाळंतिणीला ऊन बाधतं." सव्वा महिन्यानं काढायची गोधडी पोरगी रांगायच्या वयाची झाली तरी तिथंच. एकदा मी ओढून काढली. आई म्हणाली, "तू किती बाळंतपणं केलीस रे?" अन् परत कोंबली.

नर्सबाई बाळासाठी व्हिटॅमिन डीचे थेंब देऊन गेल्या होत्या. "आईच्या दुधात हे पुरेसं नसतं. रोज द्या, वर्षभर."

अण्णा म्हणाले, "गाईच्या वासराला कोण पाजतं थेंब?"

"वासरू दिवसभर उन्हात असतंय, अण्णा."

"फार्मसीतून वर्षात पळून आलं, अन् आम्हाला शिकवतंय."

मी उठून टपरीवर गेलो. थेंब का लागतात, एवढं तरी तेवढ्या एका वर्षात शिकलोच होतो.

बाटली आईनं देव्हाऱ्यात ठेवली. येडेश्वरीच्या पाया पडल्याशिवाय बाहेरचं औषध पोरीच्या तोंडात जायचं न्हाय. देवळात जायचं ठरलं की भावकीत कुणीतरी मरायचं. सुतक. मग सोयाबीनची काढणी. मग परत सुतक. देऊळ आमच्याच गावात! बाटलीला हळदीकुंकू मात्र रोज.

पोरीचे पाय वाकायला लागले. आत्या मालिश करता करता म्हणाली, "घोड्यावर बसणार बघ ही." अण्णा म्हणाले, "मामावर गेलीय."

मामाचे पाय सरळ आहेत.

धाराशिवच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. "मुडदूस आहे. थेंब दिले होते का?"

आई म्हणाली, "रोज पूजा करतो की, साहेब."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी चपलांकडं. त्यांनी पोरीला औषध लिहून दिलं, सोनालीलाही. सोनाली पोरीला घेऊन स्टँडवरूनच माकणीला, भावाकडं गेली. जाताना एवढंच म्हणाली, "तुम्हाला तर माहीत होतं."

परवा मेव्हण्यानं व्हिडिओ पाठवला. अंगणात, उन्हात, पोरगी मामाचं बोट सोडून चार पावलं टाकते. अण्णांनी दोनदा पाहिला. म्हणाले, "बघ, चालली का न्हाय आपोआप?"

माझ्या पोरीचं पहिलं पाऊल मी मोबाईलवर पाहिलं.