म्हैस कोणत्या विभागात येते?

आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीतले डॉक्टरसाहेब पशुशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचे पदाधिकारी आहेत. संघटनेचा बिल्ला ते भाजी आणायला जातानाही लावतात आणि कशावरही "यावर आमच्या अधिवेशनात ठराव झालाय" म्हणतात.

मागच्या महिन्यात आमचे दूधवाले शकीलभाई घाबरून त्यांच्याकडे आले. "साहेब, म्हैस कालपासून काही खात नाय. जरा बघता का?"

मीही सोबत गेलो. साहेब गोठ्याच्या दाराशीच थांबले. "मी पैदास विभागाचा. हा विषय पोषणाचा," म्हणत त्यांनी पोषण विभागातल्या सभासदाला फोन लावला. त्याने रोग विभागाच्या माणसालाही फोनवर घेतलं. तिघांची चर्चा रंगात आली, तोवर शकीलभाईंनी म्हशीच्या तोंडात हात घालून दाढेत अडकलेली सुतळी ओढून काढली. म्हैस लगेच वैरणीला लागली.

संघटनेच्या मासिकाच्या ताज्या अंकात साहेब फोटोसकट झळकले: 'बहुविभागीय समन्वयातून अत्यवस्थ पशूवर यशस्वी उपचार'. दूध घालायला आलेल्या शकीलभाईंना त्यांनी अख्खा लेख वाचून दाखवला.

शकीलभाईंनी किटली खाली ठेवून तो मन लावून ऐकला. मग हळहळून म्हणाले, "अरेरे! कोणाची होती साहेब, ही म्हैस?"