एक्केचाळीस नावं

नलिनी घोरपडे मूळच्या वाईच्या. नवरा गुरुनाथ हवाई दलातून निवृत्त झाला आणि दोघांनी चंदीगडच्या एका टोकाच्या सेक्टरमध्ये वरचा मजला विकत घेतला. तिथल्याच सरकारी प्राथमिक शाळेत त्या पंधरा वर्षं शिकवत होत्या.

सेक्टरच्या मागे ओढा होता, त्यापलीकडे मोकळं रान. सरकारनं शहरातली एक जुनी झोपडपट्टी पाडली आणि तिथल्या माणसांना त्या रानात चार मजली इमारती बांधून दिल्या. घरं एका खोलीची. तिथली मुलं ओढ्यावरच्या पुलावरून नलिनीताईंच्या शाळेत येऊ लागली.

पहिल्या वर्षीच सेक्टरमधल्या चौदा घरांवर ‘बिकाऊ है’च्या पाट्या लागल्या. कोणी मोहालीला गेलं, कोणी पंचकुल्याला. शेजारच्या सोढीबाई निघताना म्हणाल्या, "आप भी सोच लो जी. रेट अभी और गिरेगा." वर्गातून एकेक मूल कमी होत होतं. दाखला न्यायला येणारे आईवडील खाली बघून सही करत.

मग पूल बंद झाला. राहिलेल्या घरमालकांनी अर्ज केला होता आणि तो आठवड्यात मंजूर झाला. नलिनीताई दोन पावसाळ्यांपासून गटारासाठी अर्ज करत होत्या, त्याचं उत्तर अजून आलं नव्हतं. ओढ्याकाठी सरकारी खर्चानं सात फुटी भिंत उभी राहिली. पलीकडची मुलं आता मुख्य रस्त्यानं दोन किलोमीटर वळसा घालून यायची आणि हजेरी संपल्यावर पोचायची.

डिसेंबरात शिक्षण खात्याच्या कार्यालयातून माणूस आला. पत्त्यानुसार मुलांची यादी हवी होती, भिंतीपलीकडची वेगळ्या कागदावर.

"कशासाठी?" नलिनीताईंनी हिंदीत विचारलं.

"बस जानकारी के लिए, मैडम."

त्यांना शंका आली होती. घरी गुरुनाथ म्हणाला, "सरकारी नोकरी आहे तुझी. मागतात ते दे." त्यांनी सुवाच्य अक्षरात एक्केचाळीस नावं लिहिली. चौथीतली साक्षी शेजारी उभी राहून बघत होती. "मैडम, मेरा नाम दूसरे काग़ज़ पर क्यों?" तिनं विचारलं. ताई म्हणाल्या, जागेवर बस.

एप्रिलमध्ये आदेश आला. एक्केचाळीस मुलांची शाळा आता त्या इमारतींच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत भरणार होती. ‘मुलांच्या सोयीसाठी’ असं त्यात लिहिलं होतं. ही मुलं गेली की गेलेले परत येतील, असं सेक्टरवाल्यांना वाटत होतं. कोणी आलं नाही. जुन्या शाळेत अकरा मुलं उरली. वर्षभरात तिला कुलूप लागलं.

त्याच एप्रिलमध्ये नलिनीताईंना बदलीसाठी आयटी पार्कजवळची चांगली शाळा मिळत होती. त्यांनी भिंतीपलीकडची मागून घेतली. गुरुनाथनं मोहालीजवळच्या खरडला फ्लॅट बघून ठेवला होता, पण यांच्या मजल्याला गिऱ्हाईकच येईना.

नव्या खोल्यांत पहिल्याच दिवशी साक्षी दिसली नाही. आठवडाभर वाट पाहून ताई तिच्या घरी गेल्या. सेक्टरमध्ये आता कामवाल्यांना ओळखपत्राशिवाय आत सोडत नव्हते, म्हणून साक्षीच्या आईची तिन्ही घरं सुटली होती. ती लांब खरडला कामाला जायची आणि धाकट्या बहिणीला साक्षी सांभाळायची. आई नुकतीच परतली होती. तिनं खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं, मग शांतपणे विचारलं, "लिस्ट आपने बनाई थी ना, मैडम?"

"हाँ," नलिनीताई म्हणाल्या. "मैंने ही."

त्यांना माफी मागायची होती. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "छोटीलाही पाठवा. दोघींना बसवते." ते मराठीत निघून गेलं. पुन्हा हिंदीत सांगावं लागलं.

साक्षी सोमवारी आली, बहिणीचा हात धरून.

ताईंच्या निवृत्तीला आता सात महिने आहेत. आपल्या जागी कोण येणार, हे विचारायला त्या मागच्या आठवड्यात कार्यालयात गेल्या. कारकुनानं फाईल उघडून पाहिली आणि म्हणाला, "वो पोस्ट तो आपके साथ ही ख़त्म है जी." पुढच्या वर्षी त्या दोन खोल्यांचं काय, हे त्याला ठाऊक नव्हतं.

हे त्यांनी अजून एकाही पालकाला सांगितलेलं नाही.