गुलशनभाभींच्या मुंग्या

आमच्या आणि गुलशनभाभींच्या गच्च्यांमध्ये कमरेएवढी एकच भिंत होती. पनवेलच्या बंदर रोडकडून आलं की आमच्या घराशी गल्ली वळते आणि मोहल्ला सुरू होतो. त्यातलं पहिलं घर त्यांचं. मी कपडे वाळत घालायला गेले की त्या पलीकडे सुके बोंबील नाहीतर पापड पसरून, काठीने कावळे हाकत बसलेल्या असायच्या. त्यांचे मिस्टर अमजदभाई दोहाला एसी बसवणाऱ्या एका कंपनीत होते. दोन वर्षांतून एकदा यायचे, महिना-दीड महिना राहायचे, घरातलं बिघडलेलं सगळं दुरुस्त करायचे आणि पुन्हा जायचे. घरात भाभी, त्यांची सासू आणि मुलगी नशरा.

मुंग्यांचं सुरू झालं ते नशरा दहावीत होती त्या वर्षी. २००७ असेल. एका संध्याकाळी पंखवाल्या मुंग्या ट्यूबलाइटभोवती जमल्या. सकाळी झाडू मारताना भाभींना त्यातली एक मोठी काळी मुंगी कोपऱ्यात दिसली. दुसऱ्या दिवशी मला भिंतीपाशी बोलावून त्या म्हणाल्या, "रमाताई, तिने आपले पंख आपणच पायांनी ओढून काढले. मी डोळ्यांनी बघितलं. दुखलं नसेल का हो तिला?"

नशराने सांगितलं की ही राणी असणार. भाभींनी तिला होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत ओला कापूस घालून ठेवलं. राणी काही खात नव्हती, नुसती अंड्यांजवळ बसून होती. भाभी रोज कपाट उघडून तिला बघायच्या. सव्वा महिन्याने पहिल्या मुंग्या निघाल्या, अगदी पिटुकल्या, आणि भाभींनी त्या दिवशी घरात खीर केली. सासू म्हणाली, "मुंगी मारायची नाही असं आम्हाला मौलवीसाहेबांनी शिकवलं होतं. पाळायची नाही असं काही सांगितलं नव्हतं." ही म्हातारी जिवंत होती तोवर घरात कुणी त्या मुंग्यांबद्दल तोंड उघडलं नाही.

मग नशराने सायबर कॅफेतून कागद छापून आणले. बाहेरच्या देशांत लोक हौसेने मुंग्या पाळतात म्हणे. कुठे काचेची नळी, कुठे पीओपीचं घर. भाभींनी पॅथॉलॉजी लॅबमधल्या ओळखीच्या मुलीकडून नळ्या मागून आणल्या. खारघरला कुणाकडे तरी छताचं काम चाललं होतं, तिथून पीओपी आणलं आणि प्लास्टिकच्या डब्यांत ओतून चमच्याच्या दांड्याने त्यात खोल्या कोरल्या. डब्याच्या काठाला आतून टाल्कम पावडरचा लेप दिला की मुंगीचा पाय घसरतो, ती वर चढत नाही. अमजदभाई दोहाहून पाठवायचे ते सुवासिक पावडरचे डबे सगळे त्यातच गेले. अंगाला लावायला भाभी इथलीच साधी पावडर वापरायच्या.

तीन-चार वर्षांत त्यांच्याकडे चार जाती झाल्या. पहिल्या राणीचे डोंगळे तर होतेच. दुसऱ्या बिया गोळा करणाऱ्या बारक्या मुंग्या. त्यांच्यातल्या काहींची डोकी अंगापेक्षा मोठी, आणि त्यांना तीळ-राजगिरा घातला की डोकेवाल्या तो फोडून द्यायच्या. तिसऱ्या ओंबील, झाडावरच्या लाल चावऱ्या मुंग्या, त्यांनी माहेरच्या, आपटा गावातल्या वाडीतून आणल्या होत्या. आंब्याची पानं शिवून केलेलं ते अख्खं घर उशीच्या अभ्र्यात बांधून एसटीने आणलं. शेजारच्या बाईने विचारलं यात काय, तर म्हणाल्या, "पाहुणे." त्यांच्यासाठी कुंडीतलं लिंबाचं झाड पाण्याच्या परातीत उभं केलं होतं. आणि चौथ्या त्या करड्या मुंग्या, बिळाच्या तोंडाभोवती पिसं लावणाऱ्या. भाभी त्यांना कोंबडीची पिसं बारीक कापून द्यायच्या. "यांच्यात राणीच नसते, रमाताई. त्यांच्यातलीच एखादी साधी उठते आणि अंडी घालते. कुणाची वाट बघत नाहीत."

मोहल्ल्यात त्यांना मुंगीवाली म्हणायला लागले. लग्नाकार्यात बायका साखरेचा डबा लपवण्याची नक्कल करायच्या. भाभी हसायच्या. पूर्वी त्या अशा हसत नसत. पूर्वी त्यांच्याशी बोलताना दर दुसऱ्या वाक्यात "नशराचे अब्बा आले की" यायचं. नशराचे अब्बा आले की दवाखान्यात जाऊ, नशराचे अब्बा आले की घराला रंग काढू. मुंग्या आल्यावर ते वाक्य हळूहळू कमी झालं. माझ्या ते फार उशिरा लक्षात आलं.

अमजदभाईंना सगळं माहीत होतं. दर शुक्रवारी फोन यायचा आणि भाभी मुंग्यांचं सांगायच्या. ते खोलीतल्या मित्रांना सांगायचे, मित्र हसायचे, तेही हसायचे. २०१० च्या सुट्टीत त्यांनी गच्चीवर एक खोली बांधून घेतली. "कायमचा आलो की इथे झोपेन, खाडीचा वारा येतो," असं मला म्हणाले होते. ते गेल्यावर खोली रिकामीच होती, म्हणून भाभींनी मुंग्या तिथे हलवल्या. खोली थंड होती. पूर्वेची एक खिडकी, तिला ओला पडदा.

२०१४ च्या दिवाळीच्या सुमाराला अमजदभाई कायमचे परत आले. तोवर सासू वारली होती आणि नशराचं लग्न होऊन ती भरूचला गेली होती. घरात दोघंच.

पहिले काही महिने त्यांनी खरंच प्रयत्न केला. भाभींबरोबर खोलीत जाऊन बसायचे. एकदा ओंबिलांची कुंडी सरकवायला गेले आणि हातभर चावून घेतलं. भाभी धावत आल्या, कुंडी जागेवर आहे ना ते आधी बघितलं आणि मग त्यांचा हात. अमजदभाईंनी हे मला भिंतीवरून सांगितलं, विनोद म्हणून. पण पुन्हा आठवड्याने सांगितलं, आणि तेव्हा ते हसत नव्हते. "मी चहा मागितला तर थांबा म्हणते. आधी त्यांचं पाणी होतं, मग माझा चहा. इतकी वर्षं मी तिथे कुणासाठी राहिलो, सांगा तुम्ही."

शिवाय त्यांना एसीशिवाय झोप येत नव्हती. खाली वायरिंग जुनं, भिंत ओली. वरच्या खोलीतच एसी बसणार होता, आणि वरच्या खोलीत मुंग्या होत्या.

एप्रिलमध्ये भाभींची आई आपट्याला अंगणात पडली, खुबा मोडला. भाभी तिकडे गेल्या. जाताना अमजदभाईंना सगळं समजावून गेल्या, कुठे पाणी, कुठे साखर, कुठे झुरळाचा तुकडा. ते मान डोलावत होते. मी गच्चीत होते म्हणून मलाही म्हणाल्या, "लक्ष ठेवा हो."

चार दिवसांनी भिंतीपलीकडे ठोकाठोक ऐकू आली. पाण्याच्या टाकीशेजारी पत्र्याची एक शेड होती, जुनं सामान टाकायची. अमजदभाईंनी ती साफ केली होती आणि आत लोखंडी पट्ट्यांचं रॅक बसवत होते. काम नेहमीसारखंच उत्तम. डबे, नळ्या सगळं ओळीने मांडलं, कुंडीही आत घेतली.

मी म्हटलं, "अमजदभाई, इथे फार तापेल."

"पत्रा आहे ना वर. सावली आहे," ते म्हणाले. "तिलाही बरं, सगळं एका जागी. आली की खूश होईल."

संध्याकाळी वरच्या खोलीत एसी लागला. मी आपट्याला फोन केला, पण भाभी आईला घेऊन मुंबईला ऑपरेशनच्या गडबडीत होत्या, फोन भावाकडे होता. मी निरोप ठेवला. तो पोचलाच नाही. भिंतीवरून मी रोज अमजदभाईंना सांगत होते, की निदान पाणी दोनदा घाला. ते घालत होते. प्लास्टर तासाभरात कोरडं व्हायचं. त्या वर्षी पनवेलला पारा चाळिशीच्या वर होता, आणि पत्र्याखाली किती, ते कुणी मोजलं नाही.

भाभी मेच्या सुरुवातीला आल्या. बुरखाही न काढता थेट वर गेल्या. मी वाळवण उचलत होते. अमजदभाई त्यांच्या मागोमाग शेडपर्यंत आले. "बघ, तुझ्यासाठी रॅक केलं," ते म्हणाले.

भाभींनी पहिला डबा उचलला, उजेडात धरला. मग दुसरा. घाई केली नाही. एकेक नळी काढून बघितली आणि परत होती तिथे ठेवली. लिंबाची पानं वाळून गुंडाळली होती, परातीत पांढरा क्षार तेवढा उरला होता. डोंगळ्यांची राणी, पहिली, बाटलीतली, प्लास्टरच्या सर्वांत खालच्या खोलीत होती आणि सगळ्या मुंग्या तिच्याभोवती तिथेच गोळा होऊन मेल्या होत्या.

"गेल्या काय?" अमजदभाई म्हणाले. "पाणी तर मी रोज घालत होतो. विचार रमाताईंना."

भाभींनी राणीचा डबा परत रॅकवर ठेवला.

"अगं, मुंग्या आहेत त्या. खाली गल्लीत बघ, हव्या तेवढ्या आहेत."

मग अमजदभाईंचा आवाज चढला. "उन्हाचं मला सांगू नकोस गुलशन. एकवीस वर्षं मी दोहाच्या पत्र्यांवर उभा राहून काढली. तू इथे पंख्याखाली होतीस. पत्रा तापतो म्हणजे काय, ते मला विचार."

भाभींनी त्यांच्याकडे बघितलं. "मग तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

मी कपडे तसेच टाकून खाली आले.

आठवड्याने अमजदभाईंनी एक मोठी बरणी आणली. तळ्याकडच्या झाडांखाली सकाळभर फिरून त्यांनी त्यात मुंग्या भरल्या होत्या. काळ्या, लाल, डोंगळे, दिसेल ती. भाभींच्या समोर ठेवली. त्या मटण साफ करत होत्या. एकदा बघून म्हणाल्या, "वेगवेगळ्या आहेत. मारतील एकमेकींना." आणि पुन्हा कामाला लागल्या. दुपारपर्यंत बरणीच्या तळाशी पाय आणि डोकी उरली होती. ती बरणी अमजदभाईंनीच घासली. मला नळाचा आवाज बराच वेळ येत होता.

त्यानंतर भाभींनी मुंगी पाळली नाही. नशराने भरूचहून सांगून बघितलं, मी सांगून बघितलं. "नको हो," एवढंच. भांडण मात्र कधी झालं नाही. अमजदभाईंना वेळेवर चहा मिळायला लागला. जेवण वर खोलीत जायचं, ताट झाकलेलं, पापड वेगळा. पुढच्या वर्षी त्यांना कावीळ झाली तेव्हा भाभींनी महिनाभर त्यांचं सगळं केलं, मोहल्ल्यातल्या बायका तोंड भरून कौतुक करायच्या. पाहुण्याचं करावं तसं केलं होतं. त्या बायकांनी त्यांना कधी "नशराचे अब्बा आले की" म्हणताना ऐकलं असतं, तर त्यांना फरक कळला असता.

दर महिन्याला दहा-बारा दिवस भाभी आपट्याला आईकडे राहायला लागल्या. म्हातारी चालायला लागली तरी राहायच्या.

मागच्या खेपेला त्या तिकडे असताना अमजदभाई भिंतीपाशी आले. वजन उतरलं होतं. एसीचं बाहेरचं खोकं त्यांच्या मागे घरघरत होतं.

"रमाताई, तुमच्याशी बोलते ती," ते म्हणाले. "काय बोलते?"

मी काय सांगणार? भाज्या महाग झाल्यात, नशराला दिवस गेलेत, आईच्या खुब्यात अजून कळ येते.

"असंच," मी म्हटलं. "इकडचं तिकडचं."

त्यांनी मान हलवली. "माझ्याशी तेही नाही," ते म्हणाले.