साच्यातली पालवी

आमच्या घरी भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून भांडी घासायला जाते. भीती वाटते म्हणून नाही, कंटाळा येतो म्हणून. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली बाई आहे मी... दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची लागते खरी, पण ती नवऱ्याच्या हौसेखातर. त्यामुळे अशा गूढ अनुभवांच्या सदरात आपण कधी काही लिहू, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. तरी लिहिते आहे, कारण जे झालं ते माझ्या स्वतःच्या हातांनी केलेल्या कामात झालं, लख्ख दिवसाउजेडी झालं, आणि माझ्याशिवाय आणखी चार माणसांनी ते पाहिलं.

मी राहते आर्वीला. एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत आमचं जनरल स्टोअर्स आहे, वर घर. नितीन, म्हणजे माझा नवरा, दुकान बघतो आणि मी वरच्या खोलीत रेझिनचं काम करते. किचेन, दारावरच्या नावाच्या पाट्या, लग्नातल्या हारांची फुलं जपून ठेवलेल्या फ्रेम. काम सोपं आहे. एका बाटलीत रेझिन, दुसरीत हार्डनर. काट्यावर मोजून मिसळायचं, साच्यात ओतायचं, दुसऱ्या दिवशी कडक झालेली वस्तू काढायची.

माझ्या भावाच्या मुलीचा, गार्गीचा, वाढदिवस जानेवारीच्या शेवटी असतो. यंदा तिला जादूगारांची पार्टी हवी होती. फोनवर म्हणाली, "आत्या, मले जादूची कांडी पायजे. अन् माह्या सगळ्या मैत्रिणीयले पण. पुठ्ठ्याची नको, खरीवाली."

खरीवाली म्हणजे हातात वजन लागेल अशी, गाठीगाठींची. त्यासाठी आधी एक चांगली वेडीवाकडी काटकी हवी, जिच्यावरून साचा घेता येईल. ती मला माहेरी मिळाली.

माहेर आर्वीपासून बसनं अर्ध्या तासावर. भाजीपाल्याचं शेत आहे – वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर. संत्र्याचं झाड मात्र एकच, विहिरीजवळ. त्याची फळं आम्ही कधी विकली नाहीत. आई होती तेव्हा ती कंडक्टरपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या हातावर ठेवायची. आई गेल्यावर बाबा दुपारचं जेवण झालं की त्या झाडाखाली खाट टाकून बसायचे. दोन वर्षांपासून झाड वाळायला लागलं. औषधं झाली, आळं झालं, शेणखत झालं. यंदाच्या थंडीत एक पान उरलं नाही. माझा भाऊ प्रशांत शेवटी म्हणाला की आता ते काढू, त्या जागी रोपांसाठी हिरवी जाळी उभारू. बाबा एवढंच म्हणाले, "गेलं ते झाड." आणि खाट उचलून गोठ्याच्या सावलीत नेली. प्रशांतचंही चूक नव्हतं. सालीला नख लावलं तर आत भुगा होता.

मी संक्रांतीला गेले होते तेव्हा त्याच झाडाची एक फांदी वाकवली. वाकली नाही, कडकन तुटली.

"काय करतं व त्याचं?" बाबांनी गोठ्यातून विचारलं.

"कांडी बनवतो, गार्गीसाठी."

"ने. नाई तं चुलीतच जाणार होती."

घरी आणून मी ती काटकी घासली, वार्निश दिलं, आणि पाइपच्या तुकड्यात उभी करून भोवती सिलिकॉन ओतलं. सिलिकॉन रबरासारखं घट्ट झालं की ब्लेडनं एका बाजूनं चिरायचं, काटकी काढून घ्यायची, चीर रबरबँडनं बंद करायची. झाला साचा. साचा एकच, त्यामुळे रोज एकच कांडी. थंडीत रेझिन लवकर कडक होत नाही, म्हणून साचा गच्चीवर उन्हात ठेवायचा.

पहिली कांडी हुबेहूब आली. तपकिरी रंग, त्यात तांब्याची चमक. दुकानात येणारी गिऱ्हाइकंही हातात घेऊन फिरवायची आणि हसायची.

दुसरीच्या टोकाजवळ एक बारीकसा फुगवटा होता. मी म्हटलं, साच्यात कुठं हवेचा बुडबुडा राहिला असेल, त्यात रेझिन शिरलं. असं होतं. पण मग तो पहिलीतही दिसायला हवा होता... मी पॉलिश पेपर घेतला, आणि का कोण जाणे, घासला नाही.

तिसरीत त्याच जागी टोकदार डोळा होता, झाडाला फुटतो तसा. खाली आणखी दोन.

"साचा फाटून राह्यला असन," नितीन म्हणाला.

मलाही तेच वाटलं. साचा उघडला, आतून धुतला, टॉर्च मारली, करंगळी फिरवली. नितीननं फिरवली. आत गुळगुळीत. मूळ काटकी काढून पाहिली, ती तशीच बोडकी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं हा माझी मस्करी करतोय, आणि त्याला वाटलं मी त्याची.

"आज तू ओत, मी सांभाळतो," तो म्हणाला.

ओतलेला साचा त्यानं दिवसभर दुकानाच्या काउंटरवर, आपल्या नाकासमोर ठेवला. शटर पाडताना गल्ल्यात ठेवून कुलूप लावलं, किल्ली गळ्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक नसताना रबरबँड त्यानंच काढले. मी हातसुद्धा लावला नाही.

त्या कांडीला पान होतं. करंगळीच्या नखाएवढं, नुकतं उलगडायला लागलेलं, मधली शीर आणि बाजूच्या शिरा स्पष्ट. देठाला संत्र्याच्या पानाला असते तशी किंचितशी पट्टी. रेझिनचंच, कांडीतूनच निघालेलं. मी हे लिहितानाही माझ्या लक्षात येतंय की किती खोटं वाटतं...

नितीन तांदळाच्या पोत्यावर बसला आणि हसायला लागला. मलाही हसू आलं. खरं तर घाबरायला हवं होतं, नाही का? पण तुमच्या हातात काही उमलत असेल तर माणूस घाबरत नाही, असं मला तेव्हा कळलं. त्यानंतर रोज सकाळी आम्ही दोघं चहाच्या आधी साचा उघडायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली, सकाळी एवढ्या घाईनं आम्ही कधी उठलो नव्हतो. कधी पान एक असायचं, कधी तीन. शेवटची कांडी मी पारदर्शक केली. तिच्यावर पानांच्या बेचक्यात गोल बंद कळ्या होत्या, मोत्यासारख्या.

त्याच संध्याकाळी प्रशांतचा फोन आला. गावात शेततळ्याच्या कामाला जेसीबी आली होती, उद्या सकाळी ती आपल्याकडे येणार, झाड काढून जागा मोकळी होईल, तिथेच पार्टीचा मांडव टाकू.

"उद्या काढू नको," मी म्हटलं.

"काऊन?"

मी सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, तू केमिस्ट्रीवाली ना? तुलेच म्हणतो मी सगळीकडे हुशार म्हणून."

आम्ही सकाळच्या पहिल्या बसनं निघालो. पोचलो तेव्हा मशीन विहिरीजवळ उभी होती आणि ड्रायव्हर चहा पीत होता. मी सरळ गोठ्यात गेले आणि कांड्यांची पिशवी बाबांच्या खाटेवर रिकामी केली.  

बाबांनी एकेक उचलून डोळ्यांजवळ नेली. मग त्या खाटेवर ओळीनं मांडायला लागले. सगळ्यात आधी बोडकी, मग फुगवट्याची, मग डोळ्यांची, मग पानांची, शेवटी कळ्यांची. ज्या क्रमानं साच्यातून निघाल्या होत्या त्याच क्रमानं. मग उठले, चप्पल न घालता विहिरीकडे गेले आणि मशीनसमोर उभे राहिले.

"झाड राहू दे," ते म्हणाले.

"बाबा, ते प्लास्टिक हाये," प्रशांत म्हणाला.

"असू दे. मले दिसते ना."

"अन् झाड वाळलं हाये. तुमच्यासमोरच पाह्यलं होतं आपण." प्रशांतनं खिशातून मोटरसायकलची किल्ली काढली आणि बुंध्याजवळ साल खरवडली, बाबांना दाखवायला. मग थांबला. आणखी थोडी वर खरवडली. माझी वहिनी पुढे येऊन वाकून बघायला लागली.

सालीखाली हिरवं होतं. ओलं हिरवं.

 मग ड्रायव्हरनं चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "मग मी जाऊ का?" आणि वहिनीला असं हसू फुटलं की पदर तोंडावर धरावा लागला.

पार्टी झाडाखालीच झाली. बोडक्या फांद्यांना फुगे बांधले. पोरी हातात कांड्या घेऊन एकमेकींना बेडूक करत होत्या, बाबांनाही केलं. बाबा गोठ्यापर्यंत उड्या मारत गेले. आई गेल्यापासून मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. कळ्यांची कांडी गार्गीनं कोणालाच दिली नाही.

होळीच्या आधी झाडाला पालवी आली आणि पालवीबरोबर फुलं. सगळ्या झाडाला नाही, विहिरीकडच्या बाजूच्या फांद्यांना. प्रशांतनं फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन आले. विहिरीजवळ पोचायच्या आधीच वास आला.

आता खुलासे. नागपूरला मी ज्यांच्याकडून रेझिन घेते त्यांच्या मते साचा झिजला आणि रेझिनला उठाव आले. मी त्यांना पानाचा फोटो दाखवला, तेव्हा ते म्हणाले की तुम्ही खरं पान चिकटवलं असेल. शेतीतलं कळणारे म्हणतात, वरून वाळलेलं झाड बुडातून जिवंत असू शकतं, खत लागू पडायला वेळ लागतो. ते मला पटतं. झाडाचं मला पटतंच. पण तुटलेल्या काटकीच्या साच्याला ते कसं कळलं?

तो साचा अजून वापरात आहे. पार्टीचे फोटो पाहून कांड्या मागणारे पुष्कळ झाले, अमरावतीहून विचारणा येते. चांगल्या निघतात, गुळगुळीत, वाकड्या, काटकी होती तशाच. एकीलाही पुन्हा पान आलं नाही. लोक विचारतात, ती पानांची डिझाइन कधी करणार? मी सांगते की ती मी केलेली नव्हती. त्यांना तो विनय वाटतो.

रोज साचा उघडताना नितीन मात्र अजून वर येतो, दुकान उघडायच्या आधी, चहाचा कप हातात घेऊन. काही निघत नाही. आम्ही थोडं थांबतो, कांडी पुसून ठेवतो, आणि तो खाली जातो.