चार आकड्यांची गाडी

कोणी गाडीचा नंबर अर्धाच सांगितला की आर्णीची ती सकाळ मला आजही आठवते आणि हसू येतं. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात नंबर विचारला की माणूस शेवटचे चार आकडे सांगतो. एमएच २९ कशाला बोलायचं, ते सगळ्यांचंच! मी तेव्हा आर्णीचा ठाणेदार होतो; नाकाबंदीवरचे आमचे जमादारही वहीत चारच आकडे टाकत. गाडी बाहेरची असेल, तर त्या आकड्यांनंतर रेघ मारून तिकडच्या जिल्ह्याचा क्रमांक लिहीत. हे कोणी शिकवलं नव्हतं, पण चालायचं.

नोंदी संगणकावर चढल्या, तेव्हा ते काम बघणाऱ्या महिला शिपायाला मी फर्मावलं, "सगळे नंबर एकसारखे दिसले पाहिजेत. पुढे २९ लाव, मागचा कचरा काढ." तिने रेग्युलर एक्स्प्रेशन नावाची युक्ती वापरली. त्यात ठरावीक शब्द शोधत नाहीत, आकार सांगतात: सुटे चार आकडे आणि त्यांना चिकटलेलं काहीही. तसं दिसेल तिथे बदल! हजारो ओळी क्षणात सरळ झाल्या. मी खूश झालो. मागच्या कचऱ्यात काय होतं, हे मी पाहिलंच नाही.

पुढे शेतातल्या मोटारपंपांच्या केबली तीनदा चोरीला गेल्या. खबऱ्याचा फोन आला. पोती बांधलेली एक मोटारसायकल फिरते, नंबर ४४१७. यादीत पाहिलं, तर चोरीच्या तिन्ही तारखांना ती गाडी आमच्याच नाक्यावरून गेलेली, पुढे ठळक २९. त्या नंबराची आर्णीत एकच मोटारसायकल निघाली, एका गवंड्याची. सकाळी आठला आम्ही त्याला गाडीसकट ठाण्यात आणलं. त्याच्या अंगणात तेव्हा मांडव पडत होता.

"जय भीम, साहेब," तो म्हणाला. "मले चार वाजेपर्यंत सोडसान ना? पोरीचं साक्षगंध आहे आज. उमरखेडचे पाव्हणे येऊन राह्यले." साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा.

मी तासभर उलटसुलट विचारलं. त्या तारखांना आपण नाक्यावर गेलोच नाही, हे त्याचं उत्तर बदललं नाही आणि प्रश्नही बदलला नाही. चोर विचारतो, पुरावा काय? हा विचारत होता, किती वाजले? माझं मन मला खाऊ लागलं.

मी शिपाई मुलीला बोलावलं. ती म्हणाली, "साहेब, बदल करायच्या आधीची फाईल म्या जपून ठेवली आहे. तुमी कचरा म्हणलं होतं, पण मले फेकवलं नाही."

जुन्या फाईलवर तिने नवा आकार शोधायला लावला: चार आकडे, रेघ, मग दोन आकडे. पडद्यावर तीन ओळी उभ्या राहिल्या. तिन्ही तारखांना ४४१७-२६. गाडी नांदेडकडची! माझ्या हुकुमाने ती यवतमाळची झाली होती.

वायरलेसवर संदेश गेला. तीनच्या सुमारास उमरखेडच्या रस्त्यावर ती गाडी अडवली. पोत्यांत केबलींची भेंडोळी सापडली. ठाण्यात टाळ्या पडल्या. गवंडी एवढंच म्हणाला, "आता पाव्हण्यायले काय सांगू?"

जीपमधून सोडलं असतं, तर आणखी बोभाटा झाला असता. मी साधा शर्ट चढवला आणि त्याच्याच ४४१७ वर मागे बसलो. मांडवात पाहुणे जमले होते. नवरदेवाच्या काकांनी विचारलंच, "सकाळी पोलीस कायले आलते?"

"चूक माझी होती," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "याच्याकडे बोट दाखवायला जागा नाही." आणि सारी हकिगत सांगितली.

काका हसून ओरडले, "साहेबाले पयले जेवाले वाढा रे!" मांडवात एकदम गलका झाला. मुलीने अंगठी घातली तेव्हा माझेही डोळे भरून आले होते. इतक्या आनंदाने मी कोणत्याच तपासाचा शेवट केला नाही.

सगळीकडे एकदम बदल करणं सोपं असतं. आपण काय पुसतोय, ते आधी डोळ्यांनी पाहावं, एवढं मी त्या शिपाई मुलीकडून शिकलो. निवृत्तीनंतर एकदा गवंड्याचा फोन आला. नात झाली होती, नाव ठेवायला बोलावत होता.

"पत्ता सांगतो, साहेब," तो म्हणाला. "पण या टायमाले पुरा लिहून घ्या, बरं!"